इनामाचा आकडा लावण्याआधी: कोल्हापूर जिल्हा प्रशासन आणि चित्रनगरीला खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
मा. व्यवस्थापन, कोल्हापूर चित्रनगरी, मोरेवाडी
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका

विषय: मोठ्या रोख बक्षिसाच्या रिअ‍ॅलिटी स्पर्धांना जागा व परवानगी देताना घालायच्या अटींबाबत

स.न.वि.वि.

खासबागेत मैदान भरते तेव्हा जोड आधी ठरलेली असते. कोणाची कुस्ती कोणाशी आणि किती इनामाची, हे पोस्टरवर छापलेले असते. पंच कोण हे अख्ख्या मैदानाला दिसते. कुस्ती निकाली झाली की इनाम तिथेच, लोकांदेखत पैलवानाच्या हातात पडते. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या त्या आखाड्याने कोल्हापूरला ही रीत लावली. वाद तिथेही होतात. पण इनाम एक सांगून दुसरे दिले, तर मैदान भरवणाऱ्याला पेठेत तोंड दाखवायला जागा उरत नाही.

मोठ्या रकमेच्या रिअ‍ॅलिटी स्पर्धेत यातले काहीही स्पर्धकाला आधी कळत नाही. समोर कोण येणार, डाव कोणता, तो किती तास चालणार, निकाल कोण देणार, पैसे कधी मिळणार, हे सगळे निर्मात्याकडे. स्पर्धकाला ठाऊक असतो तो फक्त आकडा. ३ जुलै २००० ला ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले तेव्हा तो १ कोटी होता. २०११ मध्ये मोतिहारीच्या सुशील कुमारने ५ कोटी जिंकले, २०१४ मध्ये ७ कोटीही जिंकले गेले. पुढे बाहेरच्या देशांत तो आणखी फुगला. २०२३ च्या ‘स्क्विड गेम: द चॅलेंज’मध्ये ४५६ जण ४५.६ लाख डॉलरसाठी खेळले. २०२४ च्या अखेरीस आलेल्या ‘बीस्ट गेम्स’मध्ये १,००० स्पर्धक होते आणि विजेत्याने १ कोटी डॉलर नेले. प्रश्नमंजूषेत माणूस खुर्चीवर बसून हरतो. या नव्या स्पर्धांत अंग पणाला लागते.

असा सेट मोरेवाडीला लावायला कुणालाही सोयीचे आहे. मोकळी जागा आहे, सेट उभारणारे सुतार, वेल्डर, लाइटमन इथलेच आहेत, आणि तालमीत घडलेली, फुटबॉलच्या मैदानावर वाढलेली पोरे हवी तितकी मिळतात. ही पोरे माघार घेत नाहीत. आम्हाला काळजी आहे ती नेमकी याचीच. जागा तुमच्या ताब्यातली आहे, म्हणून अट घालण्याचा अधिकारही तुमचा आहे. जागेच्या करारात आणि परवानगीच्या कागदात काय लिहून घ्यावे, एवढ्यासाठीच हे पत्र.

आधी अंगाचे बघू.

पडद्यावर पाच मिनिटांत संपणारा खेळ चित्रीकरणात कित्येक तास चालतो. आपल्याकडे पोरे अंगणात ‘स्टॅच्यू’ खेळतात, तोच खेळ ‘लाल दिवा, हिरवा दिवा’ या नावाने ‘स्क्विड गेम: द चॅलेंज’मध्ये घेतला गेला. जानेवारी २०२३ मध्ये, इंग्लंडच्या कडाक्याच्या थंडीत, बेडफर्डजवळच्या जुन्या अवाढव्य हँगरमध्ये त्याचे चित्रीकरण झाले. तिघांना वैद्यकीय मदत लागली. वेळ का जातो, याचे कारण साधे आहे. दिवा लाल झाला की कोण हलले ते पंचांना ठरवायचे असते. दहा माणसे असतील तर डोळ्यांनी दिसते. साडेचारशे असतील तर चित्रण मागे नेऊन बघावे लागते. तोवर सगळ्यांनी आहे त्या स्थितीत उभे राहायचे. एक पाय पुढे, गुडघा ताठ, हात अधांतरी.

माणूस असा उभा राहिला की पोटऱ्यांचे स्नायू थांबतात. एरवी तेच पायातले रक्त वर ढकलत असतात. ते थांबले की रक्त पायात साचते, मेंदूला कमी पडते आणि माणूस भोवळ येऊन पडतो. असा माणूस हात टेकून पडत नाही, ओंडक्यासारखा तोंडावर आपटतो. दात आणि जबडा जातो. संचलनात उभ्या राहिलेल्या पोरांना बोटांवर हलकेच चवडे दाबायला शिकवतात ते यासाठी. इथे मात्र चवडा हलला की पोरगा बाद, म्हणून तो ती एकच बचावाची हालचालही करत नाही. मागे इनामाचा आकडा असतो.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. एका पंचाकडे दहापेक्षा जास्त स्पर्धक नकोत. एका थांब्याला, म्हणजे लाल दिव्यात न हलता उभे राहण्याला, पाच मिनिटांची कमाल मर्यादा हवी आणि ते घड्याळ स्पर्धकांनाही दिसले पाहिजे. निकाल तेवढ्यात लागला नाही तर थांबा रद्द करून सगळ्यांना मोकळे करावे, चित्रण नंतर बघावे. पंच वाढवले की खर्च वाढतो, म्हणून हे आपण होऊन कुणी करत नाही. परवानगीत लिहिले की करावेच लागते.

कोल्हापुरात थंडीपेक्षा ऊन जास्त बाधेल. मार्च ते मे या काळात पत्र्याच्या शेडमध्ये, दिव्यांच्या झोतात, जाड गणवेश घालून खेळवले तर उष्माघात दुपारची वाट बघत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर उन्हात बसलेल्या गर्दीतली माणसे दगावली. ती तर नुसती बसलेली होती. उष्माघातात शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी नेहमी दोन चुका होतात. एक, काखेत थर्मामीटर लावतात. तो आतले तापमान कमी दाखवतो आणि सगळे निर्धास्त होतात. दुसरी, रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सावलीत नुसते झोपवून ठेवतात. आधी थंड करायचे, मग हलवायचे. बर्फाच्या पाण्याचा टब सेटवर भरलेला हवा, त्यात गळ्यापर्यंत बसवायचे, डोके धरून ठेवायचे आणि तापमान ३९ च्या खाली आले की मगच सीपीआर रुग्णालयात न्यायचे. मीठ-साखरेचे पाणी अंदाजाने करू नये. ओआरएसचे २०.५ ग्रॅमचे एक पाकीट बरोबर एक लिटरमध्ये.

आता बैठका. तालमीतल्या पोराला हजार बैठका नव्या नाहीत, त्याने त्या वर्षानुवर्षे वाढवत नेलेल्या असतात. पण सेटवर त्याच्या शेजारी बँकेत काम करणारा, सहा महिने व्यायामशाळेत गेलेला एखादा असतो आणि इनामापायी तोही पाचशे मारतो. त्या दिवशी तो चालत घरी जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या होतात, लघवी काळ्या चहासारखी येते. स्नायू फुटून त्यातला कचरा रक्तात आलेला असतो आणि तो मूत्रपिंडे निकामी करतो. तोवर सेट उठलेला असतो, म्हणून हे कुणाच्या हिशेबात धरले जात नाही. ताकदीच्या प्रत्येक डावानंतर ७२ तास स्पर्धकाची रोज विचारपूस करणे, लघवीचा रंग विचारणे आणि शंका आली तर सीपीके ही रक्ततपासणी निर्मात्याच्या खर्चाने करणे, एवढी अट पुरेशी आहे.

‘यात काय होणार?’ असे वाटणारा डावही जीव घेतो. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेतल्या सॅक्रॅमेंटोच्या एका रेडिओ केंद्राने भरपूर पाणी पिऊन लघवी सर्वांत जास्त वेळ कोण रोखून धरतो, अशी स्पर्धा घेतली. बक्षीस काय, तर व्हिडिओ गेम खेळायचे एक यंत्र. २८ वर्षांची, तीन मुलांची आई त्यात मेली. पाणी फार झाले की रक्तातले सोडियम पातळ होते आणि मेंदूला सूज येते. २००९ मध्ये ज्युरीने तिच्या कुटुंबाला सुमारे १ कोटी ६५ लाख डॉलर भरपाई ठरवली. खाण्या-पिण्याचा कोणताही डाव डॉक्टरच्या लेखी मंजुरीशिवाय होऊ नये, मग तो तांबड्या रश्श्याचा असो की पाण्याचा.

उंचीवरच्या डावांत हार्नेस (अंगाभोवतीचे सुरक्षापट्टे) बांधला की सुरक्षितता आली, असा समज आहे. हार्नेसची दोरी १.८ मीटर. झटका शोषणारा भाग उघडला की आणखी साधारण १ मीटर. लटकलेल्या माणसाचे पाय धरून जवळजवळ १.८ मीटर, आणि वर १ मीटर राखीव. म्हणजे अडकवण्याच्या बिंदूखाली सुमारे ५.६ मीटर मोकळे नसतील तर हार्नेस असूनही माणूस जमिनीवर आपटतो. चार मीटरच्या मचाणावर लांब दोरीचा हार्नेस घालणे हा निव्वळ देखावा आहे. तिथे जाळी किंवा आखूड दोरी पाहिजे. आणि लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली घेता आले पाहिजे, कारण मांडीतले पट्टे रक्त अडवतात. खाली कसे घेणार, याची रंगीत तालीम अग्निशमन दलाच्या जवानासमोर चित्रीकरणाआधी करून दाखवावी.

झोपेकडे तर कुणाचे लक्षच नसते. चोवीस तास जागलेल्या माणसाचे भान रक्तात ०.१० टक्के दारू असलेल्या माणसाइतके उतरते. गाडी चालवायला आपला कायदा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा घालतो, म्हणजे ही अवस्था तिच्या तिप्पट. अशा अवस्थेत पहाटे दोन वाजता पोरांना उंचीवर चढवतात किंवा कागदांवर सह्या घेतात. दोन चित्रीकरणांत सलग आठ तासांची विश्रांती आणि रात्री दहानंतर कोणत्याही कागदावर सही नाही, हे दोन्ही लिहून घ्या.

डॉक्टर सेटवर असतो, पण बहुतेक वेळा त्याला डाव थांबवता येत नाही, तो फक्त सल्ला देतो. त्याला दिग्दर्शकाला न विचारता शिट्टी मारून खेळ थांबवण्याचा लेखी अधिकार हवा. रुग्णवाहिकेचेही तसेच. एकच असते, ती एकाला घेऊन गेली की मागे राहिलेल्यांसाठी काही उरत नाही, आणि चित्रीकरण मात्र सुरूच असते. रुग्णवाहिका फाटकाबाहेर पडली की दुसरी येईपर्यंत खेळ बंद, हा नियम करा.

आता इनामाचे. इथे घरेच्या घरे फसतात, आणि फसवणारा कोणी नसतानाही फसतात, कारण हिशेब आधी सांगितलेला नसतो.

खेळातून जिंकलेल्या रकमेवर सपाट ३० टक्के प्राप्तिकर आहे. १९६१ च्या कायद्यात तो कलम ११५बीबी खाली होता. १ एप्रिल २०२६ पासून नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, ३० टक्के तसेच राहिले. टीव्हीवरच्या स्पर्धा त्यात स्पष्ट शब्दांत धरलेल्या आहेत. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा इथे लागू होत नाही, सूट मिळत नाही, प्रवास, खुराक, प्रशिक्षण असला एकही खर्च वजा होत नाही. २५ लाख जिंकले तर साडेसात लाख कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, मिळून ७ लाख ८० हजार. हातात १७ लाख २० हजार.

खरी मेख मोठ्या रकमेत आहे. दुसरे काही उत्पन्न नसलेल्या पोराने १ कोटी जिंकले असे धरा. निर्माता ३० टक्के, म्हणजे ३० लाख कापून ७० लाख खात्यावर टाकतो. पोरगा आणि त्याचे घर समजते की कर भरून झाला. पण ५० लाखांच्या वर १० टक्के अधिभार लागतो आणि त्या सगळ्यावर ४ टक्के उपकर. एकूण कर ३४ लाख ३२ हजार. उरलेले ४ लाख ३२ हजार त्याने स्वतः भरायचे असतात, तेही १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च यांतल्या इनामानंतरच्या हप्त्यांत. कुणी सांगितलेले नसते. तोवर घराचे कर्ज फेडलेले असते, ट्रॅक्टर आलेला असतो. मग दरमहा १ टक्का व्याज चढते आणि नोटीस येते. ५ कोटींच्या इनामात अधिभार २५ टक्के होतो, एकूण कर १ कोटी ९५ लाख, हातात ३ कोटी ५ लाख. पोस्टरवर मात्र ५ कोटीच छापतात.

गाडी मिळाली तर आणखी अडचण. वस्तूच्या रूपातल्या बक्षिसावर कर आधी भरला गेल्याशिवाय वस्तू देता येत नाही. १० लाखांची गाडी जिंकलेल्या पोराला ३ लाख रोख आणून दे, मग किल्ली घे, असे सांगितले जाते. कर प्रायोजक भरणार की विजेता, हे जाहिरातीतच आले पाहिजे.

आणि एक गोष्ट तालमीतल्या, मंडळातल्या पोरांसाठी मुद्दाम सांगतो. अशा स्पर्धांत दोस्त आपसात ठरवतात, ‘कोणीही जिंको, अर्धे-अर्धे करू.’ मनाने ते चांगलेच. पण कर पूर्ण रकमेवर विजेत्याच्या नावावर कापला जातो, आणि उरलेल्यातले अर्धे मित्राला दिले की ५० हजारांच्या वरची भेट म्हणून ती सगळी रक्कम मित्राच्या उत्पन्नात धरली जाते. एकाच पैशावर दोनदा कर. सख्ख्या भावाला दिले तर भेटीवर कर नाही, मित्राला दिले तर आहे. शिवाय असा आपसातला करार बहुतेक कार्यक्रमांच्या नियमांत बसत नाही आणि इनाम रद्द व्हायला तेवढे कारण पुरते.

त्यामुळे आमची मागणी अशी, की चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसाआधी इनामाची पूर्ण रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत स्वतंत्र खात्यावर ठेवली आहे, याचा बँकेचा दाखला परवानगीच्या फाइलला लागावा. मोठी रक्कम अनेकदा प्रसारण झाल्यावर, आणि तेही पुढे काही महिन्यांनी देतात. कार्यक्रम प्रसारितच झाला नाही तर काय, याचे उत्तर करारात नसते. तारीख हवी: शेवटच्या चित्रीकरणानंतर ९० दिवस, प्रसारण होवो न होवो. कार्यक्रमादरम्यान इनामातून रक्कम वजा होणार असेल तर कमीत कमी किती उरेल तो आकडाही पोस्टरवर तितक्याच मोठ्या अक्षरांत छापावा. रोजचे मानधन इनामात न मिसळता वेगळे द्यावे, कारण मानधनाला सपाट ३० टक्के लागत नाहीत, टप्प्यांप्रमाणे कर लागतो, आणि हरलेल्या पोरालाही बुडालेल्या रोजगाराचे काही मिळते.

स्पर्धक म्हणजे कामगार नव्हे, तो हौसेने आलेला, असे निर्माते म्हणतात. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २००९ ला एका बेटावरच्या रिअ‍ॅलिटी कार्यक्रमाबाबत याच्या उलट निकाल दिला: ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, दुसऱ्याच्या हुकमाने राहायचे तर ती नोकरीच आहे. ‘बीस्ट गेम्स’च्या पाच स्पर्धकांनीही सप्टेंबर २०२४ मध्ये लॉस एंजलिसच्या न्यायालयात वेतन आणि वागणुकीबद्दल दावा लावला.

करार इंग्रजीत असतो, तीस-चाळीस पानांचा, आणि सहीसाठी ऐनवेळी पुढे येतो. तो मराठीत आणि सात दिवस आधी घरी मिळाला पाहिजे. ‘काहीही झाले तरी कंपनी जबाबदार नाही’ या ओळीला पोरे फार घाबरतात. त्यांनी आणि तुमच्या कार्यालयानेही हे लक्षात ठेवावे, की अशी सही घेतली म्हणून हयगयीने झालेल्या मृत्यूचा गुन्हा पुसला जात नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू राहते. न्यायालयात जाण्याचा हक्क पूर्ण काढून घेणारी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २८ प्रमाणे रद्दबातल आहे. लवादाची अट मात्र चालते, म्हणून लवादाचे ठिकाण कोल्हापूर ठेवा, दिल्ली नको. कधीही खेळ सोडून जाता येईल, सोडल्यास दंड नाही आणि घरी पोचवण्याची जबाबदारी निर्मात्याची, ही तीन वाक्ये करारात पहिल्या पानावर हवीत. फोन काढून घेतात, ते समजू शकतो. मग घरच्यांना चोवीस तास उचलला जाणारा एक नंबर द्यावा.

डाव आणि निकाल यांच्या प्रामाणिकपणाबद्दल अमेरिकेने १९५० च्या दशकात धडा घेतला. तिथे प्रश्नमंजूषांची उत्तरे आधीच स्पर्धकांना पुरवली जात असल्याचे उघड झाले आणि १९६० मध्ये अशी ठरवाठरवी हा गुन्हा ठरवणारा कायदा आला. आपल्याकडे परवानगीच्या अटीत एवढे तरी यावे, की नियम स्पर्धेच्या आदल्या दिवशी सीलबंद प्रतीत तुमच्या कार्यालयात जमा होतील आणि मध्येच बदलणार नाहीत. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या प्रसारण नियामक संस्थेने एप्रिल २०२१ पासून स्पर्धकांच्या मानसिक काळजीचे नियम लागू केले. हरलेला पोरगा गावात परततो तेव्हा त्याची चित्रफीत सगळ्यांच्या फोनवर फिरत असते, त्यावर हसणारेही असतात. त्या दिवसांत त्याला समुपदेशकाचा आधार लागतो. प्रसारणानंतर सहा महिने तो मिळावा.

हे सगळे जिल्हाधिकारी कार्यालयाला नवे नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला चित्रीकरणात घ्यायचे तर बालकामगार नियमांनुसार आजही तुमचीच परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस, आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. तोच तक्ता समोर ठेवून प्रौढांसाठी वेगळे आकडे भरायचे आहेत.

महापालिकेला एक वेगळी विनंती. निवड चाचणीसाठी नोंदणी शुल्क मागणाऱ्याला सभागृह देऊ नका. २५ लाखांची लॉटरी लागल्याचे सांगून ‘आधी कराचे पैसे भरा’ म्हणणारे व्हॉट्सअ‍ॅप संदेश अशा प्रत्येक कार्यक्रमाच्या नावाने फिरतात. रोख इनामाचा कर इनामातूनच कापला जातो. तो भरायला कुणी आधी पैसे मागत असेल तर ती चोरी आहे. १९३० या सायबर मदत क्रमांकाचा फलक चाचणीच्या दारावर लावायला लावा.

वरच्या अटींचा चार पानी मसुदा मराठीत तयार आहे. चित्रनगरीच्या भाडेकराराला तो पुरवणी म्हणून जोडता येईल अशा भाषेत लिहिला आहे. सेटची उंची, जाळी आणि वीजजोडणी तपासायला, करार वाचायला, बँकेचा दाखला पडताळायला आणि डॉक्टरच्या पेटीतले सामान मोजायला आमच्यातले चौघे प्रत्येक अर्जाच्या वेळी विनामूल्य येतील. पहिली तपासणी चित्रीकरणाच्या तीन दिवस आधी व्हावी, म्हणजे जे कमी आढळेल ते आणायला निर्मात्याकडे वेळ राहील. भेटीची वेळ कळवावी.

आपले,
कोल्हापुरातील काही चित्रीकरण तंत्रज्ञ, करसल्लागार, वकील आणि क्रीडावैद्यक डॉक्टर